जुन्या कॉम्प्युटरवर हलकं लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे घरातला, क्लासमधला, छोट्या ऑफिसातला चांगला चालणारा कॉम्प्युटर एका तारखेला ‘जुना’ ठरला. अशा मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकता येते, आणि त्याबद्दल तेव्हापासून जे प्रश्न परत परत येतायत ते इथे एकत्र केलेत. नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसरीकडे जाता येईल, सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही.

१. लिनक्स टाकलं की माझा १२-१५ वर्षांचा कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल का?

नव्यासारखा नाही, पण वापरण्यासारखा नक्की होईल. फरक कुठे पडतो ते आधी समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. हलका डेस्कटॉप (म्हणजे समोर दिसणारा मेनू, खिडक्या वगैरे, प्रश्न ४ बघा) सुरू होऊन नुसता बसलेला असताना साधारण ४०० ते ६०० एमबी रॅम घेतो, मागे व्हायरस स्कॅन नाही, न सांगता सुरू होणारे अपडेट नाहीत, म्हणून मशीन चालू केल्याकेल्या हातात येतं. फाइल मॅनेजर, लिबरऑफिस, पीडीएफ, गाणी, साधे व्हिडिओ हे सगळं छान चालतं. पण ब्राउझर उघडला की जीमेल, बँकेची साइट, शॉपिंगची साइट ही तेवढीच जड असतात जेवढी विंडोजवर होती, कारण साइटला तुमच्या डेस्कटॉपशी काही देणंघेणं नसतं. जुन्या मशीनचं खरं ओझं आज ब्राउझर आहे, डेस्कटॉप नाही. ‘सगळ्यात हलकं लिनक्स कुठलं’ यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि १०० एमबी वाचवतात, आणि मग एका टॅबमध्ये ५०० एमबी जातात.

२. माझं मशीन ३२ बिट आहे का ६४ बिट, कसं ओळखायचं? विंडोजमध्ये ३२ बिट दाखवतंय.

विंडोजमध्ये ‘सिस्टम टाइप’ म्हणून जे दिसतं ते आधी विंडोजचं असतं, प्रोसेसरचं नाही. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनवर २ जीबी रॅम होती म्हणून दुकानदाराने ३२ बिट विंडोज टाकून दिलेलं असायचं आणि आत प्रोसेसर ६४ बिट असायचा, ही गोष्ट फार कॉमन आहे. त्याच खिडकीत पुढे ‘एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर’ असं लिहिलंय का बघा. किंवा कुठलंही लाइव्ह लिनक्स (प्रश्न ८ बघा) पेनड्राइव्हवरून चालू करून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एल-एस-सी-पी-यू ही पाच अक्षरं टाइप करा, पहिल्या दोन ओळीतच उत्तर मिळतं.

ढोबळ अंदाज हवा असेल तर कोअर टू ड्युओ, पेंटियम ड्युअल कोअर ई सिरीज, आय ३ आणि पुढचं सगळं ६४ बिट. सुरुवातीचे पेंटियम ४, पेंटियम एम, आणि २००८ च्या आसपासच्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन २७० हे ३२ बिट. नंतरचा अ‍ॅटम एन ४५० मात्र ६४ बिट आहे, त्यामुळे नुसतं ‘अ‍ॅटम’ वाचून ठरवू नका. ३२ बिट निघालं तर प्रश्न १३ बघा, तो वेगळाच विषय आहे.

३. मग नेमकं कुठलं लिनक्स टाकू? एकच नाव सांगा.

४ जीबी रॅम आणि ६४ बिट प्रोसेसर असेल, आणि पहिल्यांदाच लिनक्स वापरताय, तर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई एडिशन. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे, अपडेटचं चिन्ह समोर. विंडोजवरून आलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही.

२ जीबी असेल तर डेबियन १३ एलएक्सक्यूटी डेस्कटॉपसकट, किंवा एमएक्स लिनक्स. १ जीबी किंवा त्याहून कमी असेल तर अँटीएक्स, ते आयसडब्ल्यूएम नावाचा अगदी साधा विंडो मॅनेजर वापरतं, दिसायला रुक्ष आहे पण त्याच्याइतकं काटकसरीने चालणारं आणि तरीही डेबियनचं सगळं सॉफ्टवेअर देणारं दुसरं मला तरी माहीत नाही. पपी लिनक्स वेगळ्या जातीचं आहे, २००३ पासून आहे, ते पूर्ण रॅममध्ये लोड होऊन चालतं, हार्ड डिस्क मेलेल्या मशीनला पेनड्राइव्हवर जिवंत ठेवायला मस्त, पण रोजच्या वापराला आणि अपडेटला मी ते सुचवत नाही.

लुबुंटूबद्दल बरेच जण विचारतात. चांगलं आहे, पण त्यात फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधून येतो आणि जुन्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो, त्यामुळे सगळं लिनक्सच स्लो आहे असं वाटायला लागतं.

४. एक्सएफसीई, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी हे काय प्रकरण आहे? लिनक्स तर एकच ना?

आतलं इंजिन एकच, लिनक्स कर्नल, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं. वर दिसतं ते पॅनेल, मेनू, खिडक्या, फाइल मॅनेजर, हा डेस्कटॉप, आणि तो बदलता येतो. एक्सएफसीई १९९६ पासून चालू आहे, हळू बदलतो, आणि जुन्या मशीनसाठी हळू बदलणं हाच मोठा गुण आहे. एलएक्सडीई २००६ चं, आता त्यावर फारसं काम होत नाही, त्याचीच पुढची पिढी एलएक्सक्यूटी. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा सुंदर आहेत पण ४ जीबीच्या खाली त्यांच्या वाटेला जाऊ नका.

५. माझ्याकडे हजार-दीड हजार रुपये आहेत. रॅम वाढवू का एसएसडी घेऊ?

२ जीबीच्या खाली असाल तर रॅम. २ किंवा त्याहून जास्त असेल तर एसएसडी (न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क), डोळे मिटून. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर बूट व्हायला दीड-दोन मिनिटं लागतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम उघडताना खरखर ऐकत बसावं लागतं, तेच मशीन साध्या साटा एसएसडीवर निम्म्याहून कमी वेळात उठतं. १२० किंवा १२८ जीबीची छोटी एसएसडी पुरते, कारण लिनक्सला स्वतःला १० ते १५ जीबीच लागतात, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवा. साटा पोर्ट आहे ना एवढं बघा, २००५ च्या आधीच्या बऱ्याच मशीनमध्ये रुंद पट्टीची आयडीई केबल असते.

रॅम घेताना मात्र सावध. आपल्याकडे जी ३१ आणि जी ४१ चिपसेटचे बोर्ड भरपूर आहेत. जी ३१ ला जास्तीत जास्त ४ जीबी डीडीआर २ चालते. जी ४१ ला ८ जीबीपर्यंत, पण त्यात मेख अशी की डीडीआर ३ ची ४ जीबीची कुठलीही पट्टी तो घेत नाही, दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली जुन्या घडणीची पट्टी लागते, एका बाजूला ८ चिप असलेली नवी लावली की मशीन नुसतं बीप करतं किंवा स्क्रीनच येत नाही. दुकानात ‘जी ४१ ला चालणारी द्या’ असं सांगूनच घ्या आणि चालली नाही तर परत घेणार का ते आधी विचारा. लॅपटॉपवाल्यांनी डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल यातला फरक जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून तपासा.

६. २ जीबी रॅम आहे, चार-पाच टॅब उघडले की माउससुद्धा हलत नाही. काय करू?

रॅम संपली की सिस्टम डिस्कवरचं स्वॅप, म्हणजे रॅमसारखी वापरायला ठेवलेली डिस्कची जागा, वापरते, आणि फिरत्या डिस्कवर ते इतकं हळू असतं की सगळं गोठल्यासारखं वाटतं. यावर उपाय झेडरॅम. तो रॅमचाच एक भाग दाबून, कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरतो, थोडा सीपीयू जातो पण डिस्कला हात लागत नाही. डेबियनमध्ये सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर टाकायचा प्रोग्रॅम) उघडून ‘झेडरॅम टूल्स’ टाका आणि त्याच्या सेटिंग फाइलमध्ये टक्केवारीची ओळ ५० करून चालू करा, मूळ सेटिंग तशीच सोडली तर तो फक्त २५६ एमबी घेतो आणि काही फरक पडला नाही असं लोक सांगतात. एक अपवाद लक्षात ठेवा, हायबरनेट वापरत असाल तर डिस्कवरचं खरं स्वॅप ठेवावंच लागतं, झेडरॅममध्ये हायबरनेट होत नाही.

दुसरं म्हणजे फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. जाहिराती बंद झाल्या की बातम्यांच्या साइट, आणि मराठी बातम्यांच्या साइट तर विशेष, एकदम हलक्या होतात. इतका फायदा फुकटात दुसऱ्या कशानेच होत नाही. वापरत नसलेले टॅब बंद करायची सवयही लावून घ्या.

७. यूट्यूब अडकत अडकत चालतं, इंटरनेट तर चांगलं आहे.

इंटरनेटचा दोष नाही. यूट्यूब आजकाल व्हिडिओ व्हीपी ९ किंवा एव्ही १ फॉरमॅटमध्ये पाठवतं आणि जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. ‘एच २६४ इफाय’ नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन टाकलं की यूट्यूब जुना एच २६४ फॉरमॅट पाठवतं, कोअर टू ड्युओवर ४८० पी आरामात चालतो. तरी अडकत असेल तर ३६० पी करा, १५ इंची स्क्रीनवर भजन-कीर्तन किंवा रेसिपी बघायला पुरेसा आहे. एक्सएफसीईमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटिंग (खिडक्यांच्या सावल्या वगैरे इफेक्ट) बंद केलं तर आणखी थोडं सुटसुटीत होतं.

८. विंडोज न काढता आधी करून बघता येईल का? माझे फोटो जातील का?

करून बघता येतं आणि बघाच. लिनक्सची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत) डाउनलोड करून रुफस किंवा व्हेंटॉय हे टूल वापरून पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा आणि ‘लाइव्ह’ निवडा. डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन बरोबर दिसतेय का, टचपॅड चालतोय का हे सगळं इथेच तपासून घ्या. पेनड्राइव्हवरून चालताना थोडं हळू वाटेल, त्यावरून मत बनवू नका.

इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ निवडलं तर सगळं जातं, परत येत नाही. म्हणून फोटो, टॅलीचा बॅकअप, मुलांचे प्रोजेक्ट आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि कॉपी झालेले फोटो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. विंडोज शेजारी ठेवून ड्युअल बूट करता येतं, पण १०-१२ वर्षांच्या डिस्कवर पार्टिशन हलवण्यापेक्षा नव्या एसएसडीवर लिनक्स आणि जुनी डिस्क विंडोजसकट काढून कपाटात, हे जास्त सुरक्षित.

९. पेनड्राइव्ह लावला तरी सरळ विंडोजच चालू होतं.

चालू करताना बूट मेनूची की दाबायला लागते, कंपनीप्रमाणे एफ १२, एफ ९, एफ ११ किंवा एस्केप. जुन्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) एक गंमत आहे, पेनड्राइव्ह ‘यूएसबी’ या नावाखाली दिसत नाही, तो हार्ड डिस्कच्या यादीत जाऊन बसतो, म्हणून बायोसमध्ये हार्ड डिस्क प्रायॉरिटी उघडून पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर आणावा लागतो. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा, जीपीटी नको. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट न वापरता मागचा, थेट बोर्डवरचा पोर्ट वापरा. एवढं करूनही नाही झालं आणि डीव्हीडी ड्राइव्ह चालू असेल तर आयएसओ डीव्हीडीवर राइट करा, पपी आणि अँटीएक्स डीव्हीडीवर सहज मावतात.

१०. इन्स्टॉल झालं पण वायफाय दिसतच नाही.

बहुतेक वेळा ब्रॉडकॉमची चिप असते, तिला वेगळं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. ते डाउनलोड करायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी वायफाय हवं, तर हा पेच मोबाइलने सोडवा. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला ते लॅन केबलसारखं दिसतं. मग मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच बरंचसं फर्मवेअर येतं त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय. चिपच हट्टी निघाली तर एथेरॉस एआर ९२७१ किंवा रालिंक आरटी ५३७० चिपचा छोटा यूएसबी डोंगल घ्या, दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत.

११. मराठी टायपिंग होईल का? आणि श्रीलिपीतल्या जुन्या फाइल्सचं काय?

युनिकोड मराठी उत्तम होतं. इन्स्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये फक्त मराठी लेआउट जोडा, वेगळं सॉफ्टवेअर नको. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र बऱ्याच जणांना सापडत नाही, तर तो शिफ्ट आणि जे, आणि नंतर डी वरचा हलंत. इंग्रजी अक्षरांनी फोनेटिक टाइप करायचं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ (टायपिंगची पद्धत बदलणारे प्रोग्रॅम) आणि त्यासोबत एम १७ एन पॅकेज टाका, त्यात मराठीचे फोनेटिक पर्याय आहेत. फॉन्टसाठी लोहित देवनागरी आणि नोटो टाकून ठेवा, नाहीतर काही साइटवर चौकोन दिसतील.

श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी, डीव्हीबी हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, आत इंग्रजीचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्टची फाइल तुमच्याकडे असेल तर ती होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाका, डॉक्युमेंट साधारण वाचता येतं आणि छापता येतं. पण नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहा, आणि महत्त्वाच्या जुन्या फाइल्स, संस्थेचे ठराव, प्रश्नपत्रिका, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवा, जोडाक्षरं मात्र एकेक नजरेखालून घाला. हे काम लिनक्ससाठी नाही, फाइलींसाठी करायलाच हवं, कारण ते फॉन्ट असलेलं शेवटचं मशीन गेलं की मजकूरही गेला.

१२. टॅली आणि प्रिंटर चालेल का? छोटं ऑफिस आहे.

टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून प्रयोग करता येतात, पण हिशेबाचा डेटा प्रयोगावर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. एक मशीन विंडोजवर ठेवा आणि बाकीची पत्रं, ईमेल, स्कॅनिंगची मशीन लिनक्सवर न्या.

प्रिंटरचं मॉडेलप्रमाणे ठरतं. एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरकडून फर्मवेअर लागतं, एचपीएलआयपी (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) टाकून त्याचा प्लगइन डाउनलोड केला की व्यवस्थित चालतो. एप्सनच्या एल सिरीजला साधारण अडचण येत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा खरा अवघड आहे, तो कॅप्ट नावाची स्वतःची भाषा बोलतो आणि नव्या ६४ बिट लिनक्सवर त्याला चालवणं खटपटीचं काम आहे, आणि नेमका तोच प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो. तो प्रिंटर विंडोजच्या मशीनलाच लावलेला राहू दे, लिनक्सवरून पीडीएफ करून तिकडे पाठवा.

१३. माझं मशीन खरंच ३२ बिट आहे. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण दिवस मोजके आहेत हे स्पष्ट सांगतो. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं. लिनक्स मिंटने २०२० मध्ये मुख्य आवृत्तीतून ३२ बिट काढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल नाही. फायरफॉक्सने १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिट लिनक्स बंद केलं. आज वाट आहे ती डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेल्या अँटीएक्स २३ ची, डेबियन १२ चा दीर्घकालीन सपोर्ट जून २०२८ पर्यंत आहे.

अशा मशीनवर टायपिंग, जुने गेम, गाणी, लहान मुलांना कीबोर्ड शिकवणं हे करा. नेटबँकिंग करू नका, ब्राउझर मागे पडत गेला की ते धोक्याचं आहे. पेंटियम ३ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी असेल तर त्यात एसएसई २ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) नाही, आजचा फायरफॉक्स त्यावर चालूच होत नाही.

१४. प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतं, गूगलवरसुद्धा.

तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सगळी सर्टिफिकेट चुकीची ठरतात. छोटा सेल आहे, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

१५. नेटबुकची स्क्रीन छोटी आहे, खिडकीतलं ओके बटण खाली लपतं.

१०२४ बाय ६०० च्या स्क्रीनवर होतं असं. ऑल्ट दाबून खिडकीत कुठेही क्लिक करून धरा आणि वर ओढा.

१६. प्रोसेसर ६४ बिट आहे तरी पेनड्राइव्ह ओळखतच नाही. प्रश्न ९ मधलं सगळं करून झालं.

अ‍ॅटमचा झेड ३७३५ एफ असलेले स्वस्त टॅबलेट आणि मिनी लॅपटॉप असतील तर कारण हे की प्रोसेसर ६४ बिट पण फर्मवेअर ३२ बिट यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार). बऱ्याच आयएसओमध्ये फक्त ६४ बिट बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) असतो म्हणून ती दिसतच नाहीत. डेबियनच्या ६४ बिट इन्स्टॉलरमध्ये दोन्ही बूटलोडर असतात, तो वापरा. अ‍ॅटमच्याच काही चिपमध्ये, जीएमए ५०० आणि जीएमए ३६०० मध्ये, पॉवरव्हीआरचं ग्राफिक्स आहे, त्याला लिनक्सवर नीट ड्रायव्हर मिळालाच नाही, तिथे व्हिडिओची अपेक्षा ठेवू नका.

१७. कुठलं मशीन सोडून द्यावं?

पेंटियम ४ प्रेस्कॉटचा नुसता प्रोसेसर ८४ ते ११५ वॅटपर्यंत उष्णता सोडतो, दिवसभर चालू ठेवला तर वीजबिलात दिसतो, आणि बदल्यात काम फार थोडं. फुगलेले कपॅसिटर, जळका वास, मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणाऱ्या टूलमध्ये) चुका, यातलं काही असेल तरी थांबा. कोअर टू ड्युओ आणि पुढचं मात्र टाकू नका, त्यात अजून बराच जीव आहे.

१८. तयार केलेलं मशीन गावातल्या शाळेला द्यायचंय. काय काळजी घेऊ?

आधी तुमचा डेटा पुसा. नुसतं फॉरमॅट केल्याने फाइल्स जात नाहीत, फिरत्या डिस्कवर एनवाइपसारख्या टूलने पूर्ण डिस्कवर एकदा लिहून घ्या, एसएसडी असेल तर सिक्युअर इरेज. मग डेबियन किंवा मिंट टाकून मुलांसाठी अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं अकाउंट करा, जीकॉम्प्री (शिकवणारे खेळ) आणि टक्स पेंट (चित्रं काढायचा प्रोग्रॅम) टाका, दोन्ही नेटशिवाय चालतात आणि टक्स पेंटमध्ये मराठी आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड शिक्षकांना कागदावर लिहून द्या आणि अपडेट कसं करायचं ते त्यांच्याकडूनच एकदा करवून घ्या. वीज जाणारं गाव असेल तर डेस्कटॉपपेक्षा जुना लॅपटॉप द्या, बॅटरी अर्धा तास टिकली तरी चालतं, तेवढ्यात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं.